डिस्चार्ज कार्डावरचा ‘जन्मजात’ शब्द काढून घेऊ का?

पत्र असं आहे:

‘मावशी, नमस्कार. आम्ही पेडणे तालुक्यातले. माझा मुलगा आता चार महिन्यांचा आहे. सातव्या महिन्यात म्हापशाला सोनोग्राफी केली तेव्हा रिपोर्टात ‘बायलॅटरल हायड्रोनेफ्रोसिस’ आलं, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली. जन्मल्यावर बाळाला लघवीची धार अशी लागलीच नाही, थेंबथेंब व्हायची. नवव्या दिवशी ताप भरला म्हणून बेळगावच्या एका खाजगी इस्पितळात नेलं. तिथे नळी घातली, एमसीयू केला, लघवीच्या वाटेत पडदा आहे म्हणाले आणि दुर्बिणीतून तो जाळला. बाळ आता बरं आहे. पण मिस्टरांच्या वेर्ण्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत क्लेम टाकला तो अडकलाय. टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, पत्र आलं की निदानाचा कोड आणि ऑपरेशन जुळत नाही, आजार जन्मजात आहे की नंतरचा ते इस्पितळाकडून लिहून आणा. कार्डावर वर ‘यूटीआय विथ बायलॅटरल एचएन’ आहे, म्हणजे लघवीचं इन्फेक्शन आणि दोन्हीकडे हायड्रोनेफ्रोसिस, आत कुठेतरी ‘पीयूव्ही’ लिहिलंय आणि फॉर्मात कोड एन १३.३ टाकलाय. माझे दीर विम्याचं काम करतात. ते म्हणतात, ‘जन्मजात’ आलं की क्लेम गेला समज, ओळखीच्या माणसाकडून ‘इन्फेक्शनमुळे’ असं लिहून घेऊया. सासूबाईंना तर तो शब्द घरात चालतच नाही. त्या म्हणतात, ग्रहणात मी विळीवर बसले होते. मी काय करू?’

बाय, दिराचं ऐकू नकोस. त्यांच्या पोटात पाप नसेल, पण या बाबतीत त्यांचा सल्ला तुझा क्लेमही घालवील आणि पोराच्या फायलीचीही वाट लावील. तुला ‘जन्मजात’ हा शब्द खोडून घ्यायचा नाहीये. उलट तो ठसठशीत, पूर्ण आणि योग्य जागी लिहून घ्यायचाय. इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात आयुष्य काढलेली बाई हे सांगतेय.

आधी तुझ्याकडचे कागद. एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच, म्हणून तुला ते एकमेकांना खोटं पाडतायत असं वाटतंय. तसं नाही. म्हापशाच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडं फुगलेली दिसली, ते त्यांनी लिहिलं. ती का फुगली हे पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत दर वेळी कळतंच असं नाही. कारण कळलं ते बेळगावला, एमसीयूत. मूत्राशयात नळीने औषध भरतात आणि बाळ लघवी करत असतानाच एक्स-रे काढतात, तीच तपासणी. त्यात पडदा दिसला. पीयूव्ही म्हणजे पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह, मूत्रमार्गाच्या मागच्या भागातला पडदा. नळाचं तोंड बोटाने दाबून धरलं की मागचा पाईप फुगतो, तसं आधी मूत्राशयावर आणि मग दोन्ही मूत्रपिंडांवर दाब येतो. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले, त्याचा ताप नवव्या दिवशी आला. म्हणजे पडदा हे मूळ, फुगलेली मूत्रपिंडं हा त्याचा परिणाम आणि यूटीआय ही त्यातून झालेली गुंतागुंत. तिन्ही खरी आहेत. फक्त कार्ड लिहिणाऱ्याने ती उलट्या क्रमाने मांडली.

सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. कोड टाकणारा माणूस डॉक्टर नसतो आणि त्याने अंदाज करायचा नसतो. कार्डावर ‘अंतिम निदान’ म्हणून जे लिहिलंय त्याचाच तो कोड लावतो, आणि घाईच्या दिवशी पहिली ओळ वाचून मोकळा होतो. त्याला पहिल्या ओळीत ‘एचएन’ दिसलं, म्हणून त्याने एन १३.३ टाकला. त्याचा अर्थ ‘इतर आणि कारण न सांगितलेलं हायड्रोनेफ्रोसिस’. मग टीपीएच्या टेबलावर काय गेलं? निदान, नुसती फुगलेली मूत्रपिंडं. ऑपरेशन, मूत्रमार्गातला पडदा जाळण्याचं. त्यांनी विचारलं की हे जुळत कसं नाही. विचारायलाच हवं होतं. टीपीएवाल्यांचं कौतुक मी सहसा करत नाही, पण हा प्रश्न रास्त आहे.

आता कोडचं बघ. आपल्या क्लेम फॉर्मचा जो भाग इस्पितळ भरतं त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती विचारतात. अकरावी २०२२ पासून लागू झालीय, पण फॉर्मात दहावीच छापलेली आहे. तिच्यात ‘एन’ने सुरू होणारे कोड मूत्र आणि जननसंस्थेच्या आजारांचे, आणि ‘क्यू’चं सगळं प्रकरण जन्मजात दोषांचं. मूत्रसंस्थेचे जन्मजात दोष क्यू ६० ते क्यू ६४ मध्ये येतात. तुझ्या बाळाच्या पडद्याला त्यात स्वतःचा, एकट्याचा कोड आहे: क्यू ६४.२. इतका नेमका कोड असताना एन १३.३ लावणं म्हणजे पोराचं नाव-गाव माहीत असून पाकिटावर ‘कोणीतरी, गोवा’ लिहिण्यातला प्रकार.

मुख्य निदान कुठलं हे ठरवायचाही नियम आहे. उपचार संपताना जे निदान पक्कं झालं आणि ज्याच्यामुळे मुख्यतः उपचारांची गरज पडली, ते पहिलं. ताप आला म्हणून नेलं, हे खरं. पण तुमची धावपळ आणि ऑपरेशन झालं ते पडद्यापायी. म्हणून क्यू ६४.२ पहिला आणि यूटीआय त्याच्या खाली. आणि तिथेही एक बारकावा आहे. मोठ्या माणसाच्या लघवीच्या इन्फेक्शनला एन ३९.० लावतात, पण जन्मापासून २८ दिवसांच्या आतल्या बाळाला पी ३९.३, नवजात बाळाचं मूत्रमार्गाचं इन्फेक्शन. तुझं बाळ नऊ दिवसांचं होतं. दुरुस्ती होईल तेव्हा हेही बघून घे, नाहीतर एक चूक दुरुस्त करताना दुसरी घालून ठेवतील.

एमसीयूच्या रिपोर्टात ‘व्हीयूआर’ असं काही आहे का बघ. मूत्राशयातली लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते, तो रिफ्लक्स. पडद्याच्या पुष्कळ बाळांत तो असतो. असेल तर कुठल्या बाजूला आणि कितव्या ग्रेडचा हे कार्डावर यायला हवं. ग्रेड एक ते पाच असतात. या रिफ्लक्सलाही दोन घरं आहेत: जन्मजात असेल तर क्यू ६२.७, रिफ्लक्सने पुढे त्रास झालेला असेल तर एन १३.७. कुठल्या घरात घालायचा हे कोडवाल्याने ठरवायचं नसतं, डॉक्टरने लिहायचं असतं. डॉक्टरने ‘पडद्यामुळे’ एवढा एक शब्द लिहिला तरी कोडवाल्याचं अर्धं काम होतं.

आणि ती आद्याक्षरं! आमच्या विभागात सगळ्यात जास्त डोकेदुखी त्यांचीच. पीयूव्ही आणि पीयूजे. पीयूजे म्हणजे मूत्रपिंडातून मूत्रवाहिनी जिथे निघते तो जोड. तिथला जन्मजात अडथळा हा वेगळा आजार. त्याचा कोड क्यू ६२.१, ऑपरेशन वेगळं, पुढची काळजीही वेगळी. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या अक्षरात शेवटचं अक्षर नेमकं कुठलं, हे फाईल उजेडात धरून बघावं लागतं. म्हणून दुरुस्तीच्या कागदावर एकही आद्याक्षर नको. ‘पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह’ असं अख्खं लिहून माग. कोणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

आता दिरांच्या भीतीबद्दल. ती अगदीच निराधार नाही. एके काळी कितीतरी पॉलिस्यांत जन्मजात आजार सरसकट बाहेर ठेवलेले असायचे आणि जुन्या एजंटांच्या डोक्यात तेच बसलंय. पण विमा नियामकाच्या व्याख्येत जन्मजात दोषाचे दोन प्रकार आहेत. शरीराच्या दिसणाऱ्या, हात पोचणाऱ्या भागावर असेल तो बाह्य. तसा नसेल तो अंतर्गत. २०१९ साली नियामकाने पॉलिसीतल्या अपवादांची भाषा एकसारखी केली, तेव्हा अंतर्गत जन्मजात आजार हा अपवाद म्हणून घालता येणार नाही असं स्पष्ट केलं. मूत्रमार्गाच्या आतला पडदा कुणाच्या डोळ्यांना दिसतो? दुर्बीण घालावी लागली ना? मग तो अंतर्गत. हेच बाळाचं मूत्राशय पोटावर उघडं असतं, किंवा लघवीचं छिद्र शिश्नाच्या खालच्या बाजूला असतं, तर कंपनीशी वेगळा वाद घालावा लागला असता. कोडच्या पुस्तकात हे सगळे क्यूच्याच प्रकरणात आहेत, पण पॉलिसीच्या दृष्टीने सारखे नाहीत. म्हणून नुसतं ‘जन्मजात’ नको, ‘अंतर्गत जन्मजात’ असं लिहून घे. दिरांना ज्या शब्दाची भीती वाटते, तुझा क्लेम त्याच शब्दावर उभा राहायचाय.

ग्रुप पॉलिसीच्या अटी कंपनीगणिक बदलतात. तेव्हा मिस्टरांना वेर्ण्याच्या एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत आणायला सांग, नुसतं ओळखपत्र नको. दोनच गोष्टी बघा: नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हरमध्ये आहे का, आणि बाळाचं नाव वेळेत चढवलं होतं का. पुष्कळदा क्लेम अडतो तो आजारावर नव्हे, नाव न कळवण्यावर.

‘इन्फेक्शनमुळे’ लिहून घेतलं तर काय होईल तेही सांगते. नऊ दिवसांच्या बाळाच्या मूत्रमार्गात इन्फेक्शनने पडदा उगवत नाही, हे टीपीएत बसलेल्या डॉक्टरला पहिल्या नजरेत कळेल. सातव्या महिन्याची सोनोग्राफी त्यांच्या हातात आहेच. मग साधी शंका होती तिथे लबाडीचा संशय येईल. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरवर वैद्यकीय परिषदेची कारवाई होऊ शकते, ते वेगळंच. आणि समजा खपलं. उद्या तुम्ही स्वतःची पॉलिसी काढाल, तिथे जुने आजार विचारतील. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती दडवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्या नियमातून वगळलेली आहे. चार महिन्यांच्या पोराच्या नावावर आताच असा कागद का करून ठेवायचा?

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती पुढच्या डॉक्टरची. पडदा जाळला म्हणजे वाट मोकळी झाली. पण पोटात असताना महिनोन्‌महिने दाब सोसलेली मूत्रपिंडं आणि जाड झालेलं मूत्राशय एका दिवसात पूर्ववत होत नाही. काही मुलांना पुढे मूत्राशयाचा त्रास राहतो, काहींची मूत्रपिंडं बऱ्याच वर्षांनी कुरकुरायला लागतात. या मुलांच्या फायलीत एक आकडा सोन्यासारखा असतो: उपचारांनंतर पहिल्या वर्षात रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, सगळ्यात खाली किती आलं तो. मूत्रपिंडं पुढे कितपत साथ देतील याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. उद्या पोरगा सहावीत असताना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेलास आणि फायलीत ‘इन्फेक्शन झालं होतं’ एवढंच असेल, तर समोरचा डॉक्टर शून्यापासून सुरुवात करील. तोच एमसीयू, तीच नळी, तेच रडणं.

म्हणून आता कामाला लाग. पैसे भरायच्या खिडकीवर जाऊन काही होणार नाही आणि ‘ओळखीचा माणूस’ तर नकोच. ज्या बाल शल्यचिकित्सकांनी ऑपरेशन केलं त्यांच्या नावाने साधा अर्ज लिही आणि रेकॉर्ड विभागात देऊन पोच घे. मजकूर साधारण असा:

‘माझ्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर अंतिम निदानात मूळ आजार स्पष्ट नाही. कृपया दुरुस्तीचं पुरवणी पत्र द्यावं. त्यात आजाराचं पूर्ण नाव, तो अंतर्गत जन्मजात असल्याचा उल्लेख, गर्भावस्थेत दिसलेली खूण, एमसीयूचा निष्कर्ष, रिफ्लक्स असल्यास बाजू व ग्रेड, ऑपरेशनचं पूर्ण नाव व तारीख, दाखल होताना आणि घरी सोडताना असलेलं क्रिएटिनिन नमूद करावं. फॉर्मातला कोड त्यानुसार दुरुस्त करून मिळावा.’

पुरवणी पत्रच माग. जुन्या कार्डावर पांढरी शाई लावून किंवा खाडाखोड करून दिलं तर घेऊ नकोस, तसला कागद बघून टीपीएच्या कपाळाला आठ्या पडतात. जुनं कार्ड आहे तसंच राहू दे. वर नवं पत्र, त्यावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक. त्याच अर्जात ऑपरेशनची नोंद आणि एमसीयूच्या फिल्मची सीडीही माग. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२चा नियम आहे. तोच नियम दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायला सांगतो, त्यापुढचं बंधन नाही. तेव्हा ‘नंतर बघू’ नको. लांब आहे, गाडीखर्च आहे, सगळं मान्य, पण ही एक खेप चुकवू नकोस.

पत्र मिळालं की टीपीएला लेखी उत्तर, फोनवर बोलून नाही. उत्तर दोन परिच्छेदांपेक्षा मोठं नको. कोड चुकला होता, दुरुस्त केलेला सोबत जोडला आहे, आणि आजार अंतर्गत जन्मजात आहे. बस. ग्रहणाची, दिरांची, बेळगावच्या रस्त्याची हकिगत त्यात नको. तरीही नाकारलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदव. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने अखेरचं नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं.

गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, कार्ड तुमच्याकडे असेलच. त्यावर बाळाचं नाव चढवलंयस का? गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबांसाठी ती २०१६ पासून आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघं किंवा जास्त असतील तर चार लाख. झालेला खर्च त्यातून परत मिळेल या आशेवर राहू नकोस, पण पुढे पोराला दाखल करायची वेळ आली तर नाव नाही म्हणून अडायला नको. पुढच्या तपासण्या गोमेकॉत करायच्या ठरवल्यास तर दर वेळी कंपनीच्या पॉलिसीकडे डोळे लावून बसावंही लागणार नाही.

सासूबाईंचं राहिलंच. पडदा गर्भ अगदी लहान असताना बनतो, पोट दिसायलाही लागलेलं नसतं तेव्हा. तो फक्त मुलग्यांत होतो. साधारण पाच ते आठ हजार मुलग्यांत एखाद्याला. ग्रहण काय मुलगा-मुलगी बघून लागतं? त्यांना हेच विचार, हसत विचार. कार्डावर ‘जन्मजात’ लिहिलं म्हणजे आईवर ठपका ठेवला असं होत नाही. ती फक्त केव्हापासूनची नोंद आहे. म्हाताऱ्या माणसाला पटेल, नाही पटलं तरी नातवाला मांडीवर घेतल्यावर विळी विसरतील.

घरी एक फाईल कर. आपल्याकडच्या पावसाळ्यात एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटतात आणि कागदांना बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांची फाईल घे आणि प्रत्येक कागदाचा फोटो मिस्टरांच्याही मोबाईलवर ठेव. पहिल्या पानावर तुझ्या हाताने लिही: आजाराचं पूर्ण नाव, ऑपरेशनची तारीख, आणि खाली क्रिएटिनिनचे आकडे तारखांसह ओळीने. सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू देऊ नकोस, आणि डॉक्टरला आधी हे पान दाखव. कुठलाही फॉर्म भरताना ‘ऑपरेशन झालं, आता काही नाही’ असं लिहू नकोस. जन्मजात दोष दुरुस्त होऊन गेला असेल तर त्या इतिहासालाही स्वतंत्र कोड आहे, झेड ८७.७. तो केव्हा लावायचा आणि क्यू ६४.२ कुठवर चालवायचा हे त्या वेळचे डॉक्टर ठरवतील.

आणि एक, बेळगावला निघण्याआधी. टीपीएने क्लेमबरोबर मूळ कागद मागून घेतले असतील तर त्यांच्या झेरॉक्स तुझ्याकडे आहेत का बघ. नसतील तर त्याच अर्जात डिस्चार्ज कार्डाची साक्षांकित प्रतही माग. आणि तुझी स्वतःची बाळंतपणाची फाईल, म्हापशाच्या सोनोग्राफीसकट, बाळाच्याच फायलीत लाव. ती आईची म्हणून वेगळ्या कपाटात जाते आणि पुढे कधी सापडत नाही.